गोठ्यातल्या गाडीचे टायर

टोकावडे
शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५

चि. प्रणय,

पाय मोडला की डोक्यालाही प्लास्टर घालतात का रे तुमच्या शहापुरात? सोमवारी पत्र पाठवतो म्हणालास, आज शुक्रवार. मधल्या चार दिवसांत तू आजी आहे हेच विसरलास, की आजीला वाचता येत नाय म्हणजे वाटही बघता येत नाय असं तुला वाटलं?

फोन करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं लोक नंतर नाकबूल करतात. कागद नाकबूल होत नाय. मी सांगते, अंगणवाडीची रत्नप्रभा दुपारी येऊन लिहिते, आणि जैतू दूध घेऊन शहापूरच्या डेअरीवर जातो तेव्हा तुझ्या भाग्यश्री आत्याच्या दारात टाकतो. तू पण त्याच्याच हाती दे. भाग्यश्रीकडे पेन नसेल तर तसं कळव, इथून पाठवते.

आता कामाचं. काल जेवताना तुझा बाप म्हणाला, "म्हशाच्या जत्रेतून बैलांची जोडी आणतोय. पुनवेला. गोठा मोकळा लागंल." मी म्हटलं, गोठ्यात प्रणयची गाडी आहे. तर म्हणतो, "सोताच्या चाकांवर चालत भाईर आली तर येऊ दे. नाय आली तर नवशा भंगारवाल्याला सांगतो, तो उचलून नेईल. तीन वरसं झाली आई. आमी बैल काय वट्यावर बांधायचे?" आणि ताटात हात धुतला. देवजीने ताटात हात धुतला म्हणजे पुढे बोलायचं काय उरत नाय, हे तुला माहीत आहे.

रत्नप्रभाने कॅलेंडर बघितलं. पुनव तीन जानेवारीला.

मी गोठ्यात जाऊन तुझी गाडी बघून आले. दोन माणसांची, छप्पर नसलेली, फायबरची. शेजारच्या लहानीची शेळी पुढच्या झाकणावर चढली तर गाडी हलते, एवढी हलकी. ही म्हणे पळण्याची गाडी. पळेल कशी, दोन टायर बसलेत. मी टायरला नख लावून बघितलं. चांगला रबर नखाला थोडी जागा देतो, बैलगाडीचे टायर मी जन्मभर बघितलेत. ह्याने जागा दिली नाय, माझं नखच मोडलं. टायर आहे की पाटा?

तर कुठले टायर आणायचे ते नीट लिही. देवजीला विचारायची सोय नाय. दिवाळीपासून तुमचं दोघांचं बोलणं बंद आहे, का बंद आहे ते आता दोघांनाही आठवत नसेल.

आणि एक. बाथरूममध्ये घसरून पाय मोडला म्हणतोस. भाग्यश्रीचं बाथरूम मी बघितलंय. तिथे घसरायला जागा कुठे आहे?

तुझी,
सुंदराआजी

*

शहापूर
रविवार, ७ डिसेंबर

आजीस दंडवत. पाय सरळ ठेवायला सांगितला आहे, त्यामुळे सध्या दंडवतच बरा जमतो.

पत्र उशिरा लिहिलं ही चूक मान्य. पण हे चार दिवस मी टायरच शोधत होतो. आत्या म्हणते, कुबड्या घेऊन रिक्षातून टायर शोधत फिरणारा पेशंट तिने पहिल्यांदाच पाहिला.

अडचण अशी आहे. माझ्या गाडीचं वजन जेमतेम साडेसहाशे किलो. बाबांच्या रिकाम्या पिकअपच्या निम्मंही नाही. तिची रिंग तेरा इंची, आणि तिला टायर लागतो रुंद, पण उंचीला बुटका आणि रबराला मऊ. असा टायर आता कोणी ठेवत नाही. पहिल्या दुकानात तेरा इंचीमध्ये एकच होता, अरुंद आणि उंच, जुन्या छोट्या फॅमिली गाड्यांना बसतो तो. तो लावला तर गाडी बगळ्यासारखी दिसेल आणि वळणावर बगळ्यासारखीच एका पायावर उभी राहील. दुसऱ्या दुकानदाराने मालवाहू गाडीचा टायर पुढे केला. "हा घ्या, दगडावरून न्या, खिळ्यावरून न्या, काय होणार नाय." मी म्हटलं, मला दगडावरून न्यायची नाही, वळणावरून न्यायची आहे. त्याला ते कळलं नाही. तिसऱ्याने विचारलं, गाडी जत्रेतल्या पाळण्याची आहे का.

मी तीन वर्षं ही गाडी बांधली. इंजिन उघडलं, ब्रेक बदलले, वायरिंग स्वतः केलं. आणि आता चार रबरी गोल मिळत नाहीत म्हणून ती नवशाच्या काट्यावर चढणार. इतकी चीड येते की कुबडी फेकावीशी वाटते, पण मग ती आणायला जाणार कोण.

पुण्यात एक दुकानदार मिळाला आहे. बरोबर मापाचे चार, एकाच घाणातले, मागवून देतो म्हणाला. तारीख दोन दिवसांत सांगेल. तोवर काळजी करू नकोस, जुन्या टायरची नक्षी अजून नव्यासारखी आहे. फक्त हवा गेली आहे.

बाथरूमचं म्हणशील तर आत्याने नवीन फरशी घातली आहे. फार गुळगुळीत.

तुझा,
प्रणय

*

टोकावडे
बुधवार, १० डिसेंबर

चि. प्रणय,

जैतूला म्हटलं, डेअरीवर जाशील तेव्हा भाग्यश्रीला विचार, नवीन फरशी कितीला पडली. भाग्यश्री म्हणाली, कसली फरशी?

खोटं बोलायचं तर निदान त्या घरच्या माणसाला सांगून तरी ठेवावं. तेवढी अक्कल तुझ्या आजोबांना होती.

मग मी काठी घेऊन पुन्हा गोठ्यात गेले. गाडीच्या पोटाखाली घाणेरीची वाळलेली फांदी अडकली आहे. गोठ्यात घाणेरी कधी उगवली? डाव्या बाजूच्या रिंगेला लाल माती, आणि कडेला ठेचलेलं. डावीकडचा आरसा नाय. तो कुठे आहे ते मला माहीत आहे. लहानीला नाल्याच्या वळणावर आरसा सापडला, ती रोज त्यात बघून केस विंचरते. गावभर दाखवते, असा स्वच्छ आरसा कुठल्या दुकानात मिळत नाय म्हणून. मी ओळखला, बोलले नाय. म्हटलं, पोरगा सोताहून सांगेल.

तू म्हणतोस टायरची नक्षी नव्यासारखी आहे. म्हशाला बैल विकणारे काय करतात? शिंगं तासतात, तेल चोळतात, झूल घालतात. बैल बघणाऱ्याला तरणाबांड दिसतो. पण घेणारा झूल बघत नाय, तोंड उघडून दात बघतो. वय दातात असतं. तर टायरचे दात कुठे असतात ते मला सांग. आणि तुझ्या टायरचं वय काय ते पण.

तू पाय कसा मोडलास हे मी तिसऱ्यांदा विचारणार नाय. रत्नप्रभाला पण कंटाळा आलाय. ती म्हणते, आजी, एकच प्रश्न किती वेळा लिहायचा.

सुंदराआजी

*

शहापूर
शनिवार, १३ डिसेंबर

आजी,

टायरचे दात बाजूला असतात. रिंगेजवळ चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर ३१११ आहे. म्हणजे २०११ सालचा एकतिसावा आठवडा. चौदा वर्षांचे झाले. गाडी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये उभीच होती, म्हणून नक्षी झिजली नाही, पण रबर वाळून दगड झाला. तुझ्या नखाला एका मिनिटात जे कळलं ते मला तीन वर्षांपूर्वी, गाडी घेतली त्याच दिवशी, आकडे वाचून कळलं होतं.

आता सगळं लिहितो.

सत्तावीस नोव्हेंबरला मी पहाटे गोठ्यातून गाडी काढली. तुम्ही सगळे उठायच्या आत नाल्यापर्यंत जाऊन परत येणार होतो. पहिल्यांदाच रस्त्यावर. रस्त्यावर दव होतं. वेग चाळीसच्या आत होता, आजी, खरंच. वळणावर स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच गेली. जणू मी तिला काही सांगितलंच नाही. चरात उतरली, घाणेरीत घुसली, माझा पाय पेडलखाली अडकला. आपल्या ट्रॅक्टरवाल्या रितेशला फोन केला, त्याने ट्रॅक्टर आणून गाडी ओढली, परत गोठ्यात लावली, आणि मला शहापूरला आणलं. रितेशचा दोष नाही. मीच त्याला शपथ घातली होती.

आकडे माहीत असून मी टायर का बदलले नाहीत, असं तू विचारशील. मला बरोबरचेच हवे होते. चुकीचे नवे लावण्यापेक्षा जुने बरोबर मापाचे आहेत, असं मी स्वतःला सांगत राहिलो. दर महिन्याला सांगत राहिलो.

बाबांना हे सांगू नकोस. त्यांना कळलं तर ते पुनवेची वाट बघणार नाहीत, नवशाला दुसऱ्याच दिवशी बोलावतील.

पुण्याच्या दुकानदाराने तारीख दिली. पार्सल कल्याणला सहा जानेवारीला. जत्रेनंतर तीन दिवसांनी. फक्त तीन दिवस, आजी. तू बाबांकडून तीन दिवस मागून घे. मी मागितले तर ते देणार नाहीत.

प्रणय

*

टोकावडे
गुरुवार, १८ डिसेंबर

चि. प्रणय,

खरं लिहिलंस ते बरं केलंस. शिव्या मी तोंडाने देईन, रत्नप्रभाच्या हातून देत नाय. ती अंगणवाडीत पोरांना शिकवते.

तुझे तीन दिवस मागितले. संध्याकाळी तो चहा पीत होता, चांगला वाटत होता.

"देवजी, बैल तीन दिवस उशिरा आण की."

"जत्रेत काय बैल माझ्यासाठी थांबतात? पयल्या दिवशी चांगली जोडी जाते. मागनं जायाचं तर लोकांनी टाकलेली आणायची."

"आणून दुसरीकडे बांध. तीनच दिवस."

"कुठं बांधू? तुझ्या खाटेला?"

मी म्हटलं, बांध, मला सोबत होईल. तो हसला नाय. उठून गेला. तेव्हा तुझे तीन दिवस मिळाले नायत. मी त्याला अपघाताचं काय सांगितलं नाय. तुझी शप्पथ.

पण आता चांगली बातमी ऐक. काल तो भाजी टाकून कल्याणहून आला तर पिकअपमध्ये ताडपत्रीखाली चार टायर. मी विचारलं, कोणाचे? म्हणतो, पिकअपचे. तो झोपल्यावर सुतळी घेऊन गेले आणि मोजले. पिकअपच्या चाकाला तेवढी सुतळी पुरत नाय, ते चाक कितीतरी मोठं. म्हणजे पिकअपचे नायत. मग तुझ्या गाडीचं चाक मोजलं. रिंग दोघांची सारखी.

म्हणजे तुझ्या बापाने तुझ्या गाडीसाठी टायर आणले, आणि ताडपत्रीखाली लपवले, आणि माझ्याशी खोटं बोलला. तुमच्या घराण्यात हे पाण्यातून येतं.

टायर बघण्यासारखे आहेत. जाड, काळे, बैलाच्या वशिंडासारखे टणक. नख लागत नाय, पण ह्यांचे दात रत्नप्रभाने वाचले, ह्याच वर्षीचे आहेत. मी तर म्हणते तुझा प्रश्न सुटला. पुण्याच्या माणसाला सांग, नको म्हणून.

सोबत सुतळी पाठवते. टोकापासून पहिली गाठ तुझ्या जुन्या टायरचा घेर. दुसरी गाठ नव्याचा. दोन गाठींमध्ये वीतभराचं अंतर पडतंय. एवढं चालत असेल ना?

सुंदराआजी

*

शहापूर
शनिवार, २० डिसेंबर

आजी,

हे पत्र मिळताच रत्नप्रभाताईंना जोरात वाचायला सांग. पडवीतही ऐकू जाऊ दे.

वीतभर चालत नाही. सुतळी मी मोजली, दोनदा मोजली. एवढा उंच तेरा इंची टायर एकाच प्रकारचा असतो, मालवाहू. तोच, जो शहापूरच्या दुकानदाराने मला दाखवला होता. बाबांनी कल्याणला जाऊन नेमका तोच आणला.

टायर वाईट नाही. टन-टन ओझ्यासाठी बांधलेला आहे. त्याची बाजू जाड, रबर कडक. वरून ओझं पडलं की तो थोडा दबतो, रस्त्यावर पसरतो आणि मग रस्ता धरतो. माझ्या गाडीत ओझंच नाही. ती त्याला दाबूच शकत नाही. तो रस्त्यावर फक्त टेकेल, धरणार नाही. त्यात बाबा सवयीने पिकअपएवढी हवा भरतील, मग तर संपलंच. बाबांना विचार, माल उतरवून रिकामी पिकअप घाटात ब्रेक मारल्यावर कशी उडते. त्यांना माहीत आहे. माझी गाडी कायमचीच रिकामी पिकअप आहे. शिवाय टायर उंच, वळताना पत्र्याला घासेल.

म्हणजे चौदा वर्षांचे दगड काढून ह्या वर्षीचे दगड लावायचे.

कोणालाही चालवू देऊ नकोस. लावायचे असतील तर लावा, ढकलत बाहेर काढा, पण चालवू नका. मी इथे पाय उशीवर टाकून बसलो आहे आणि तिथे माझ्या गाडीला सगळे चांगल्या मनाने चुकीचं खाऊ घालत आहेत. राग कोणावर काढू तेही कळत नाही.

प्रणय

*

टोकावडे
बुधवार, २४ डिसेंबर

चि. प्रणय,

तुझं पत्र आज मिळालं. जैतूची गाडी तीन दिवस मुरबाडच्या गॅरेजात उघडी पडली होती आणि पत्र तिच्या खणात. इकडे सगळ्यांच्या दुधाचं दही झालं. त्याला मी बोलले, पण बोलून उपयोग काय, तुझी गाडी सोमवारीच वालाच्या वेलांत गेली.

पहिल्यापासून सांगते.

सोमवारी सकाळी देवजीने टायर लावले. पंक्चरवाल्याकडून रिंगेवर चढवून आणले, सोताच्या पंपाने हवा भरली. मी म्हटलं, काय चाललंय? "भाईर काढून बघतो, चालते का. चालत नसंल तर नवशाला आजच सांगतो." मग गाडी सुरू केली आणि माझ्याकडे बघितलं. "बसते का?"

बसले. तू रागावशील म्हणून हे रत्नप्रभा शेवटी लिहू म्हणत होती, मी म्हटलं मधेच लिही. अठ्ठ्याहत्तर वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं, असल्या गाडीत बसतेस का. बसायला खाली, खाली, अजून खाली जावं लागतं. मग दोन्ही गुडघे नाकाशी. डोक्यावर पदर धरून बसले.

सरळ रस्त्याला बरी चालली. उड्या मारत होती, पण चालली. कुठे वळली की खालून कर्रकर्र. देवजी म्हणाला, "नवीन हाय, बसंल हळूहळू." नाल्याचं वळण आलं. पुढून शाळेची रिक्षा. देवजीने ब्रेक मारला. चाकं थांबली, गाडी नाय थांबली. कडेला गेली, बांधावरून उतरली, आणि लहानीच्या वालात जाऊन उभी राहिली. मला काय लागलं नाय. देवजीचं कोपर सोललं.

लहानी विळा घेऊन उभी. म्हणाली, "सुंदरा, वाल खुडायला आता गाडी घेऊन येतेस का गो?"

देवजी स्टिअरिंग धरून तसाच बसला. मी म्हटलं, उतर, पोराची गाडी आहे, तुटलं काय ते बघ. तो उतरला नाय. म्हणाला, "आई, पोर ह्याच वळणावर पडला ना?"

मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं? तर म्हणतो, रत्नप्रभा पत्र वाचते तेव्हा मी पडवीत असतो. सगळी पत्रं ऐकली त्याने. तेरा इंची ऐकलं, चौदा वर्षं ऐकली, चर ऐकला, घाणेरी ऐकली. आणि दुसऱ्या दिवशी कल्याणच्या दुकानात जाऊन म्हणाला, तेरा इंचीत सगळ्यात मजबूत असंल ते दे. दुकानदाराने दिलं. मी असते तरी तेच मागितलं असतं. आपल्याकडे टायर मजबूतच मागतात, त्यात वाईट कोणाला दिसणार?

आज तुझं पत्र रत्नप्रभाने वाचलं. पडवीतून आवाज आला, "पुन्ना वाच." तिने पुन्हा वाचलं. रिकामी पिकअप उडते ते आलं तेव्हा तो म्हणाला, "बरोबर हाय त्याचं."

मला तुझं ओझ्याचं सगळं कळलं असं नाय, पण एवढं कळलं. डांबरावर चालणाऱ्या बैलाच्या खुराला पत्री मारतात. गाडी भरलेली असते, बैल भारी असतो, त्याला ती लोखंडाची पत्री सोसते. लहान गोऱ्ह्याला कोणी पत्री मारत नाय. मारली तर तो पहिल्याच उताराला पाय फाकून बसेल. आम्ही तुझ्या गोऱ्ह्याला पत्री मारली.

गाडी ढकलून परत गोठ्यात लावली आहे. लहानीचे वालाचे बारा वेल गेले. ती तेरा सांगते.

सुंदराआजी

*

टोकावडे
२५/१२

चि. प्रणय

हवा ५५ ठेवली होती. तुझ्या गाडीला किती लागते ते लिही. पुढे मागे सारखी की वेगळी.

कल्याणवाला टायर परत घेतो बोलला. पुण्याच्या दुकानाचं नाव आणि नंबर पाठव.

बैलाचं ठरलेलं आहे ते बदलत नाही.

पाय कसा आहे.

देवजी

*

शहापूर
शनिवार, २७ डिसेंबर

बाबा,

पुढे २२, मागे २४. सकाळी, चाकं थंड असताना मोजायची. ५५ म्हणजे तुम्ही भरलेल्या पिकअपचा हिशेब धरलात.

पुण्याच्या दुकानाचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. चारही एकदम घ्यायचे, दोन-दोन करून नाही, आणि घेताना चार आकडे वाचायचे. दोन वर्षांपेक्षा जुने असतील तर परत पाठवायचे. नवे टायर पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर सांभाळून चालवायचे, त्यांच्या अंगावर कारखान्यातला गुळगुळीतपणा असतो, तो जाईपर्यंत ते नीट धरत नाहीत.

हे सगळं लिहिलं, कारण तुम्ही विचारलंत. पण पार्सल सहा तारखेला येणार आणि जत्रा तीनला आहे. मी आता दिवस मागत नाही. गोठा तुमचा आहे, बैलांचं तुम्ही आधी ठरवलं होतं. नवशाला बोलवायचं असेल तर बोलवा. त्याला एवढंच सांगा की इंजिन कापू नको, कुणाच्या तरी कामाला येईल.

मात्र ते मालवाहू टायर लावून गाडी पुन्हा बाहेर काढू नका. गोठ्याच्या दारापर्यंतही नको. तुम्ही आणि आजी त्या वळणावर होता, हे वाचल्यापासून मला झोप नाही. मी पडलो तेव्हा मला आकडे माहीत होते. तुम्हाला काहीच माहीत नव्हतं.

पाय बरा आहे. प्लास्टर बारा तारखेला काढतील.

प्रणय

*

टोकावडे
सोमवार, ५ जानेवारी २०२६

चि. प्रणय,

मला बैल हवे होते. हे आधी लिहून घे रत्नप्रभा, मग बाकीचं.

शनिवारी पहाटे तुझा बाप म्हशाला गेला. नवा कासरा, नव्या वेसणी, घुंगरं, सगळं घेऊन. मी गोठ्यातला एक कोपरा सारवून ठेवला, गव्हाणी धुतल्या, ओवाळायला ताट तयार केलं. नवशाला मी सोता निरोप पाठवला होता, रविवारी ये म्हणून. तुझ्या बापाने नाय, मी. मला वाटलं, पोराने मन मोठं केलं आहे, तर आता उगाच लांबवू नये.

संध्याकाळी देवजी आला. पिकअपमध्ये एक घोंगडी, दोन कोयते, आणि कासरा तसाच गुंडाळलेला.

"बैल?"

"जोड जुळली नाय."

एवढंच. हात-पाय धुतले, जेवला, झोपला.

काल जैतू दूध न्यायला आला त्याने खरं सांगितलं. तो पण जत्रेत होता. म्हणाला, जोड अशी जुळली होती की बघणारे थांबत होते. पांढरी, उंचीला सारखी, चार दाती. देवजीने पाठीवर हात फिरवला, जोडी चालवून बघितली, बोलणं पक्कं झालं. मालकाने कासरा हातात दिला. तो हातात धरून देवजी त्याला म्हणाला, "तीन दिस तुमच्याकडंच ठेवा, सहा तारखेनंतर घेऊन जातो." मालक म्हणाला, जत्रेत जनावर तीन दिवस कोण सांभाळतो, न्यायचे तर आता न्या. देवजीने कासरा परत दिला आणि घोंगड्यांच्या दुकानांकडे निघून गेला.

आता मला सांग, मी कोणावर ओरडू? काल नवशा पण आला. देवजीने त्याला चहा पाजला, जुना पंप आणि दोन पत्रे देऊन वाटेला लावला. गाडीचं नाव नाय काढलं. नवशा मला म्हणतो, आजी, तुमी बोलावलं कशाला? माझंच तोंड पडलं.

गोठ्यात तुझी गाडी जुनेच टायर लावून विटांवर उभी आहे. ती चारा खात नाय हे खरं, पण शेणही देत नाय. सारवायला मी लहानीच्या गोठ्यातून पाटी आणते आणि ती प्रत्येक पाटीला वालाची आठवण काढते. नांगरटीला पुन्हा रितेशच्या ट्रॅक्टरची वाट बघायची. ह्या वयात मला बैलाची घुंगरं ऐकायची होती, तर तुझा बाप रोज सकाळी त्या गाडीजवळ जाऊन हवा मोजायचं घड्याळ लावून बघतो. गाडी विटांवर आहे रे, हवा मोजतो कसली? विचारलं तर म्हणतो, "हात बसला पायजे."

उद्या तो पार्सल आणायला कल्याणला जाणार आहे. आकडे वाचायला चष्मा काढून ठेवलाय. टायर आले की तूच लावायचे, त्याला हात लावू देऊ नकोस, आणि पहिल्यांदा निघशील तेव्हा शेजारी तो बसेल, मी नाय. माझे गुडघे एकदाच वर जायचे होते, गेले.

बापाला आभाराचं पत्र लिहू नकोस. ते तो ऐकेल, पुन्ना वाच म्हणेल, आणि दोन दिवस घरात कोणाशी बोलणार नाय. त्यापेक्षा सुके बोंबील पाठव. भाग्यश्रीला सांग, शहापूरच्या बाजारातून सोता निवडून घ्यायचे, लांब आणि कडक, ओले वाकणारे नकोत. निखाऱ्यावर भाजून तांदळाच्या भाकरीबरोबर देते त्याला, मग बोलतो का बघू. प्लास्टिकात घट्ट बांधून जैतूच्या हातात दे, आणि दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये टाकू नको म्हणावं, नायतर परवा सगळ्या शहापूरच्या चहाला बोंबलाचा वास येईल.

सुंदराआजी